घरघर नेमकी कुठून येते

बेस गिटारच्या अ‍ॅम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून) घरघर यायला लागली की खोलीतले सगळे एकमताने निकाल देऊन टाकतात: स्पीकर गेला. ड्रमर म्हणतो, कीबोर्डवाला म्हणतो, चहा घेऊन आलेला पोरगाही मान डोलावतो. या घाईचा मला राग येतो. स्पीकर ही सगळ्यात शेवटी तपासायची गोष्ट. त्याच्याआधी गिटार आहे, केबल आहे, भिंतीतला प्लग आहे, मंडपाचा जनरेटर आहे, बॉक्सचे स्क्रू आहेत आणि बॉक्सवर कुणीतरी ठेवून दिलेली किल्ल्यांची जुडी आहे. जुडीचं मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

पहिला प्रश्न अगदी साधा. तारांवरचे हात काढले, काही वाजवत नाही, तरी आवाज येतोय का? येत असेल तर भांडण विजेशी आहे. वाजवल्यावरच येत असेल तर काहीतरी सैल आहे, फाटलंय किंवा घासतंय. इतकं विचारलं तरी निम्मं काम होतं, पण विचारायच्या आतच कुणीतरी बॉक्सची जाळी उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेलं असतं.

विजेची गुणगुण ओळखायला सोपी, कारण तिला पक्का सूर असतो. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर, तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीला) जो जी हा सूर लागतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे आपल्या घरातली वीज जी सुरात गुणगुणते, किंचित चढी. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तिथली गुणगुण बी फ्लॅट आणि बी यांच्या मधे लोंबकळत असते. गाणं जी मध्ये असेल तर आपल्याकडे ही गुणगुण बराच वेळ पचून जाते. जी शार्पमध्ये असेल तर गायिका दुसऱ्या ओळीला मागे वळून बघते, आणि बघते ती नेमकी बेसवाल्याकडे.

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण खाली करायचा. गुणगुण गेली तर ती गिटारमधून येत होती, राहिली तर पुढे केबल आणि अ‍ॅम्प. गिटारमधून येत असेल आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही; तारांचं कंपन पकडणारा पिकअप म्हणजे शेवटी तारेचं वेटोळं, आजूबाजूचं सगळं ते ऐकणारच. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप असला की वाजवणारा ट्यूबलाइटपासून तोंड फिरवून, हळूहळू गोल वळत, कुठल्या कोनात शांतता आहे ते शोधत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं कलाकार रंगात आलाय. अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्याला असा एकच सरळ कॉइल होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे करून ते एकमेकांच्या उलट जोडले, म्हणजे तारांचा आवाज जमा होतो आणि विजेची गुणगुण वजा होते. फेंडरच्याच जॅझ बेसमध्ये दोन वेगळे पिकअप असतात आणि दोन्ही पूर्ण उघडे असले की तीच वजाबाकी होते. एकाचं बटण जरा खाली केलं की गुणगुण परत येते. माझ्याकडे जॅझ बेस आहे, त्यामुळे सिंगल पिकअपचा तो सुंदर कुरकुरीत आवाज मी फक्त घरी, तोही लाइट बंद करून ऐकतो.

स्टेजवरची गुणगुण मात्र बहुतेकदा अर्थिंगची असते. माझ्या अ‍ॅम्पला एका बोर्डवरून वीज, साउंडवाल्याच्या मिक्सरला दुसरीकडून, आणि दोघांना जोडणारी केबल, डीआय नावाच्या छोट्या डबीतून मिक्सरकडे जाणारी. अर्थिंगला फिरायला गोल रस्ता मिळतो आणि त्या रस्त्यावरून ५० हर्ट्झ निवांत फेऱ्या मारतात. तपासायचं कसं, तर ती केबल काढायची. गुणगुण थांबली की डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं, काम झालं. हे बटण सिग्नलच्या केबलचं अर्थिंग तोडतं, विजेचं नाही. फरक छोटा वाटतो, पण जीव त्याच्यावरच टांगलेला असतो. मंडपात गुणगुण थांबवायची दुसरी पद्धत म्हणजे प्लगची जाड पिन काढून टाकणं किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणं. त्यानेही गुणगुण थांबते. पण मग आत काही बिघडलं तर अ‍ॅम्पच्या लोखंडी पत्र्यावर, तिथून केबलच्या जाळीवर, तिथून तारांवर २३० व्होल्ट येऊन उभे राहतात, आणि समोर ओठांना टेकलेला माइक साउंडवाल्याच्या अर्थिंगला जोडलेला असतो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सीला स्टेजवरच दगावला, अर्थिंग नसलेल्या सामानामुळे शॉक बसून. म्हणून माइकजवळ जायच्या आधी मी मल्टीमीटर एसीवर लावून एक टोक तारेला आणि एक माइकच्या जाळीला टेकवतो. मंडळाची पोरं हसतात. हसू देत.

जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प हा वेगळा विषय. त्यांचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे आतली वीज सपाट करणारे भाग, म्हातारे झाले की १०० हर्ट्झची जाड गुणगुण सुरू होते आणि गिटार काढून ठेवली तरी थांबत नाही. तिथे आपण हात घालायचा नाही. प्लग काढल्यावरही आत काही शे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

आता दुसरी जात: वाजवल्यावरच येणारी घरघर. खरी शोधाशोध इथे.

हिची खोड अशी की ती ठरावीक सुरालाच येते. ए ठीक, बी फ्लॅटला घरघर, बी ठीक. ज्याची त्याची नैसर्गिक कंपनसंख्या असते, नेमकी तीच भेटली की ती वस्तू जागी होते. घरी सराव करताना हे सगळ्यात चांगलं कळतं. आमच्याकडे उघड्या ए-ला, म्हणजे ५५ हर्ट्झला, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणतात. सी-ला शोकेसची काच. खालच्या एफला बाल्कनीच्या ग्रिलमधलं काहीतरी, जे मला आजवर सापडलेलं नाही. आईला सूर कळत नाहीत पण भांडी कळतात. ती आतून ओरडते, "पातेल्याचं झाकण वाजतंय रे!" आणि मला समजतं की मी जी वर आहे.

म्हणून घरघर आली की आधी तो सूर पकडायचा. सगळ्यात खालच्या ई-पासून, ४१ हर्ट्झपासून, एकेक फ्रेट चढत जायचं आणि कुठे सुरू होते, कुठे संपते ते बघायचं. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप असेल तर आणखी चांगलं. तो सूर मध्यम आवाजात अखंड सोडून ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मग एकेका गोष्टीवर तळवा दाबत फिरायचं. समोरची जाळी. हँडल. चाकं. अ‍ॅम्पच्या मागची सैल झालेली पट्टी. बॉक्सच्या आत सुटून लोंबणारी वायर. जिथे हात ठेवल्यावर घरघर थांबते तो चोर. मागच्या जॅकच्या प्लेटमधून हवा निसटत असेल तर फुसफुस असा वेगळाच आवाज येतो. तो अनेकदा फाटक्या स्पीकरच्या खात्यावर लिहिला जातो आणि पट्टीभर फोमने बरा होतो. स्नेअर ड्रम तर जन्मजात गुन्हेगार. त्याच्या खालच्या तारा बेसच्या कित्येक सुरांना आपणहून थरथरतात. ड्रमरला स्नेअरचा खटका बंद करायला सांगितलं की निम्मी दुरुस्ती तिथेच होते. बंद करायला तो तयार होतो का, ही गोष्ट निराळी.

गिटार स्वतःही घरघरते. तार फ्रेटला घासत असेल तर अ‍ॅम्प तो आवाज इमानेइतबारे मोठा करून देतो. पावसाळ्यात नेकचं लाकूड जरा हललं की हे हमखास. हेडफोनमध्ये ऐकलं की शंका मिटते: तिथेही घरघर असेल तर स्पीकर बिचारा निर्दोष.

एवढं करूनही उरली, बॉक्सच्या आतूनच येतेय अशी खात्री झाली, तर मग स्पीकर. आम्ही ज्या खोलीत रिहर्सल करतो तिथला बेसचा बॉक्स या स्थितीला आला होता. दहा इंची दोन स्पीकर, आठ-आठ ओहमचे, समांतर जोडलेले, म्हणजे बॉक्स चार ओहमचा. मीटर लावला तर तीनच्या आसपास आकडा आला. मीटर डीसी रोध मोजतो आणि तो छापलेल्या आकड्यापेक्षा कमीच असतो, आठचा स्पीकर साधारण सहा दाखवतो. त्यामुळे दोघांचे मिळून तीन म्हणजे दोन्ही कॉइल, स्पीकरचा कागद हलवणारी तारेची वेटोळी, शाबूत. एक जळलेली असती तर सहा दिसले असते. मीटरने पास केलं, कानाने नापास. मग जाळी काढली आणि बोटं पसरून, मधल्या टोपीच्या भोवती सगळीकडून सारखा जोर देत, कोन, म्हणजे स्पीकरचा कागद, हळूच आत दाबला. वरचा स्पीकर मुकाट आत-बाहेर झाला. खालच्याने खरखर केली, वाळूच्या कागदावर नख ओढल्यासारखी. ती बोटांना आधी जाणवते, कानाला नंतर.

इथे थोडं विज्ञान सांगायलाच हवं, कारण बेसचे स्पीकर का मरतात याबद्दल लोक वॉटांच्या भाषेत बोलतात आणि वॉट हा अर्धाच हिशोब आहे. वॉट कॉइलला तापवतात. पण कागद किती मागे-पुढे जातो हे सुरावर ठरतं. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कागदाला चौपट अंतर हलावं लागतं. जी-ची उघडी तार ९८ हर्ट्झची. तिच्या सप्तकभर खालचा जी तेवढ्याच ताकदीने हवा असेल तर चौपट. पाच तारांच्या बेसचा बी ३१ हर्ट्झचा, तिथे हिशोबच करू नये. त्यात बॉक्सला समोर भोक असेल, म्हणजे पोर्ट असेल, तर ज्या सुराला तो बॉक्स जुळवलेला असतो त्याच्या खाली आतल्या हवेचा आधारच जातो आणि कागद मोकाट धावतो. ३०० वॉट लिहिलेला स्पीकर १०० वॉटांतही मारता येतो. अ‍ॅम्पवरचं बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि ई वर हाणत बसायचं. आणि गंमत अशी की खालच्या ई-चा तो ४१ हर्ट्झचा पाया आपण फारसा ऐकतही नाही. कानाला ओळख पटते ती प्रामुख्याने त्याच्या वरच्या, ८२ च्या आणि त्याहून वरच्या स्वरांशांनी. अँपेग या अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी हा बेसचा अ‍ॅम्प आणला, ३०० वॉटचा डोंगर आणि दहा इंची आठ स्पीकरांचा बंद बॉक्स, तो अगदी खोल खाली जातो म्हणून प्रसिद्ध नाही. तो छातीवर येऊन आदळतो म्हणून प्रसिद्ध आहे.

फेंडरला हा प्रश्न सुरुवातीपासून सतावत होता. १९५२ मध्ये त्याने खास बेससाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आले. बेस जोरात वाजवला की त्याचा आवाज फुटायचा, आणि नेमक्या त्या फुटण्यावर गिटारवाले लुब्ध झाले. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी बासमनवरूनच आपला पहिला अ‍ॅम्प बेतला, आणि रॉक गिटारचा पुढचा बराचसा आवाज तिथून निघाला. बेसवाल्यांची तक्रार, गिटारवाल्यांची चैन. किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर १९६४ मध्ये स्वतःच्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला, घरघर मिळावी म्हणून. मी ती पैसे देऊन काढून घेतो.

तसं बघायला गेलं तर आपल्याला घरघरीचं वावडं असायचं कारण नाही. मिरजेला तानपुऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडी घासून घासून तारेला अशा कडेवर आणून ठेवतात की ती जेमतेम स्पर्श करत राहील, आणि वर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून ती नेमकी जागा पकडतात. तिथे घासणं हेच काम आहे. मी लहानपणापासून तो आवाज ऐकलाय, त्यामुळे बेसच्या घरघरीवर चिडताना मला अधूनमधून स्वतःचीच गंमत वाटते. फरक कानाला लगेच कळतो, मात्र. जवारीने निघणारे स्वरांश त्याच तारेचे असतात, सा मधूनच उमलतात, तार विझेपर्यंत तिच्याबरोबर विझतात. सुटलेला स्क्रू कुणाचाच नसतो. आपण डी वाजवला काय आणि ई वाजवला काय, तो आपलीच टिमकी वाजवतो.

खालचा स्पीकर काढून मी पुण्यात बुधवार पेठेत नेला, तापकीर गल्लीच्या जवळ एक काका रीकोनिंग करतात, म्हणजे स्पीकरचा कागद आणि कॉइल बदलून देतात, तिथे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. गणपतीनंतरचे दिवस असल्यामुळे दारात मिरवणुकीतल्या स्पीकरांची चळत लागली होती, अठरा इंची, काळेकुट्ट, आणि प्रत्येकाच्या घडीघडीत गुलाल. काकांनी माझा स्पीकर हातात घेतला, नाकाशी नेला आणि वास घेतला. कॉइल जळली की वॉर्निशचा करपट वास येतो. "जळली नाहीये," म्हणाले. मग उपडा करून मागे लोहचुंबकावर बोटाने टकटक केलं, सुलट करून कागद दाबला, कान जवळ नेला. "पडलाय का हा कधी?"

"माहीत नाही काका. रिहर्सल रूममधला आहे, कोणीही वाजवतं."

"मग ठीक. म्हणजे कोणीच काही केलेलं नसणार."

पडलेल्या स्पीकरचं चुंबक कधीकधी केसाएवढं सरकतं आणि मग कॉइल एका अंगाला घासत राहते. तो दुरुस्त होत नाही असं नाही, पण काका तो सहसा घेत नाहीत. त्यांनी ब्लेडने कागदाची कड सोडवली, खालचा पिवळा स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी चकती) सोडवला, दोन वायरींचे डाग उकलले आणि सगळं वर उचललं. कॉइल बाहेर आली. तांब्याचे वेढे नीट होते, रंग जरा काळपट. पण ज्या नळीवर ते गुंडाळलेले असतात तिची खालची कड एका बाजूला चेपलेली होती, मुडपलेली. काकांनी ती माझ्यासमोर धरली. "तळाला आपटलीये. खाली लोखंड आहे ना, त्याच्यावर जाऊन आदळली. आदळली, वाकली, मग घासायला लागली. बेसचं बटण किती असतं तुमचं?"

खोलीतल्या त्या अ‍ॅम्पचं बटण येणारा प्रत्येक जण शेवटपर्यंत फिरवतो. मी तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या मुडपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

पुढचं बघायला मी थांबलो, कारण असं काम बघायला मला मॅचपेक्षा जास्त आवडतं. आधी चुंबकाची फट साफ करायची. ती फट मिलिमीटरभर, त्यात लोखंडाचा कीस अडकलेला, आणि चुंबक तो सोडत नाही. काकांनी चिकटपट्टी दुमडून तिचं टोक फटीत घातलं, गोल फिरवलं, बाहेर काढलं, काळी भुकटी. परत नवी पट्टी. स्वच्छ निघेपर्यंत हेच. मग नवी कॉइल फटीत सोडली आणि तिच्या आत, मधल्या लोखंडी खांबाभोवती, जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या कापलेल्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे कॉइल सगळीकडून सारख्या अंतरावर अडकून राहते. एका पट्टीवर कुणाच्या तरी बरगडीची पांढुरकी रेघ दिसत होती. स्पायडरला गोंद, कागदाला गोंद, कडेला गोंद, वर उपडं वजन. "उद्या संध्याकाळी. आधी फोन करू नकोस, गोंद फोनने वाळत नाही."

१९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ज्या धर्तीचा स्पीकर बनवला, कागदाचा कोन, चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल, तोच हा. शंभर वर्षांत चुंबक हलके झाले, गोंद सुधारले, अ‍ॅम्प वहीएवढा झाला. जिन्याखाली बसून माणसाच्या हाताने परत जोडता येईल इतका हा भाग मात्र साधा राहिलाय. अ‍ॅम्पचा बोर्ड गेला तर आजकाल आख्खा बोर्ड बदलतात. स्पीकरचा कागद अजून बदलता येतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी पट्ट्या ओढून काढल्या, बोटांनी कागद दाबून ऐकवला (काहीच ऐकू आलं नाही, तेच ऐकवायचं होतं), मधली टोपी चिकटवली आणि एका टोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "हा प्लस. उलटा लावलास तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खातील आणि परत माझ्याकडे येशील, आवाजच नाही म्हणून." हे खरंय. एक कागद पुढे जाताना दुसरा मागे गेला की खालचे सूर हवेतच मिटतात. म्हणून बॉक्समध्ये बसवल्यावर दीड व्होल्टचा सेल घेऊन जॅकच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. फट् करून दोन्ही कागद बाहेर उडाले. स्क्रू समोरासमोरचे, जोडीजोडीने आवळले. एकाच बाजूने आवळत गेलं की स्पीकरचा सांगाडा पीळ खातो आणि केलेलं सगळं मातीत.

त्या खोलीत आता बेसच्या अ‍ॅम्पच्या आधी ४० हर्ट्झच्या खालचं कापणारा एक छोटा फिल्टर बसवलाय. बेसचं बटण अजूनही सगळे शेवटपर्यंत फिरवतात. मालकाने त्याच्यावर मेडिकल टेप लावून पाहिला, तो आठवडाभर टिकला. फिल्टर आल्यापासून पाच तारांवाला एक मुलगा सोडून कुणीही तक्रार केली नाही, उलट गिटारवाला म्हणाला की बेस मोठा झालाय. झाला असेल, खालच्या निरुपयोगी धावपळीत जाणारी ताकद आता वर येते.

बॉक्सच्या कोपऱ्यातला छोटा ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा स्पीकर, मात्र मधूनच कुरकुरतो. मागचं त्याचं गोल बटण फिरवलं की खर्रर्र होतं, म्हणजे आत धूळ बसली असणार, थोडा क्लीनर मारला की जाईल. तूर्त मी ते बटण शून्यावर नेऊन ठेवलंय. त्याच्याशिवाय काही अडलेलं नाही.